रोटाच्या पंगतीतली लेक

(पडद्यावर: जळगावातलं घर. श्रावणातला रविवार, रात्र. केळीचे खांब बांधलेला चौरंग.)

चौरंगावर कानबाई, खानदेशातली घरोघरची देवी, बसली आहे. नारळाला डोळे रेखलेत, नाकात नथ आहे, गळ्यात घरातलेच दागिने. नागपंचमीनंतरचा हा पहिला रविवार. ज्या घरात आज कानबाई बसते, तिथे रात्रभर कोणी झोपत नाही. गाणी चालतात, फुगड्या होतात, सकाळी वाजतगाजत नदीवर जायचं असतं.

उजवीकडे भिंतीला टेकून बसलेली ती गोरी मुलगी पाहा. वय सतरा, देश जर्मनी. अंगावरचा कुडता या घरच्या मुलीचा आहे. घरची मुलगी मात्र इथे नाही. ती जर्मनीतल्या एका घरी, तिथल्या आईबाबांकडे राहते आहे. एक लेक गेली, एक आली.

(पडद्यावर: जेवणाच्या टेबलावर फायली, संगणक. वडील अर्ज भरताना.)

रोटरी युथ एक्स्चेंज असं या व्यवस्थेचं नाव. पंधरा ते एकोणीस वयाची मुलं एक शैक्षणिक वर्ष परक्या देशात काढतात. राहायचं तिथल्या कुटुंबात आणि शिकायचं तिथल्याच शाळेत. विमानाचं तिकीट, विमा, व्हिसा हे मुलाचे आईवडील बघतात. जेवूखाऊ घालणारं, रात्री उशीर झाला तर वाट बघणारं घर मात्र दुसऱ्याचं असतं. त्या घराला याचे पैसे मिळत नाहीत. हे मुद्दाम सांगतो आहोत, कारण ही मुलगी आली त्या आठवड्यात गल्लीत पहिला प्रश्न तोच निघाला होता, महिन्याचे किती देतात म्हणून.

ही पद्धत बरीच जुनी आहे. फ्रान्समधल्या नीस शहराच्या रोटरी क्लबने १९२७ साली अशी मुलांची देवाणघेवाण सुरू केली. एएफएस नावाच्या संस्थेची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. १९१५ साली, पहिल्या महायुद्धात, जखमी सैनिकांना रुग्णवाहिकेतून नेणाऱ्या स्वयंसेवकांचं ते पथक होतं. दुसरं महायुद्ध संपलं आणि १९४७ पासून त्याच लोकांनी शाळकरी मुलांना एकमेकांच्या देशात, एकमेकांच्या घरात पाठवायला सुरुवात केली. युद्ध ज्यांनी इतक्या जवळून पाहिलं, त्यांना हा उपाय सुचला.

घर देणं म्हणजे नुसती खोली रिकामी करणं नव्हे. क्लबची माणसं आधी घर पाहून जातात. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची माहिती घेतात, ओळखीच्यांकडे चौकशी करतात. आजींनीसुद्धा स्वतःच्या कागदावर स्वतः सही केली. चष्मा पुसून, एकेक अक्षर जोडत. मुलीसाठी एक समुपदेशक नेमलेला असतो आणि तो यजमान घरातला चालत नाही. घरात काही खटकलं तर घराबाहेरच्या माणसाशी तिला मोकळेपणी बोलता यावं, यासाठी. परदेशी माणूस राहायला आला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते. मुक्काम १८० दिवसांच्या वर असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची. घरच्या वडिलांनी हे सगळं रात्री दुकान बंद करून आल्यावर, एकेक पान तपासत केलं. असा तपास व्हायलाच हवा. कोणाचं तरी लेकरू आपल्या दारात येतंय.

(पडद्यावर: जातं, गव्हाची रास, आजींचे हात. मग पंगत.)

आता कानबाईचे रोट, म्हणजे तिच्या प्रसादाच्या गव्हाच्या पोळ्या. रोटाचे गहू वेगळे निवडले जातात, वेगळे दळले जातात. सोबत पुरण, खीर, गंगाफळाची भाजी. रोटाचा एक कडक नियम खानदेशात सगळ्यांना ठाऊक आहे. रोट भाऊबंदांच्या बाहेर जात नाही. शेजारी कितीही जवळचा असो, सोयरा कितीही मानाचा असो, रोट खायचा तो कुळातल्या माणसांनीच.

म्हणून सोमवारी पंगत बसायची वेळ झाली तेव्हा स्वयंपाकघरात थोडी कुजबुज झाली. मुलीला घरात येऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. एका चुलतसासूबाईंचं म्हणणं, तिला वेगळं पान वाढा, पुरणपोळी द्या, खीर द्या, रोट तेवढा नको. त्यांचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या पाळलेली रीत आहे ती. आजी जात्याजवळ बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठल्या, मुलीचा दंड धरून तिला पंगतीत आपल्या शेजारी बसवलं आणि तिच्या पानात रोट वाढला. कॅमेऱ्याकडे पाहून एकच वाक्य बोलल्या.

"हाई मनी नात शे." ही माझी नात आहे.

(पडद्यावर: पंगत. निवेदन नाही. पंधरा सेकंद.)

त्यानंतरचे महिने स्वयंपाकघरातच गेले म्हणा ना. घरच्या आईने पहिल्या आठवड्यात मिरची निम्म्यावर आणली. पुढे पुन्हा हळूहळू चढवत नेली, आणि दिवाळीपर्यंत शेवभाजीची तर्री मुलीच्या वाटीतही घरच्यांसारखीच लाल दिसायला लागली. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. फाइल वडिलांनी सांभाळली, हे खरं. मुलगी सांभाळली ती आईने. सकाळी डबा, दुपारी कॉलेजातून आली की काहीतरी खायला, संध्याकाळी चेहरा उतरलाय का ते बघणं. नोकरी सांभाळून हे सगळं. क्लबच्या कार्यक्रमात हार मात्र घरच्या कर्त्या पुरुषाच्या गळ्यात पडतो. तो हार या बाईच्या गळ्यात पडायला हवा. शक्य तिथे आम्ही कॅमेरा तिच्यावरच ठेवला आहे.

(पडद्यावर: शेत. धूर. तुरकाठ्यांच्या जाळावर वांगी.)

थंडी पडली. चातुर्मासात वांगं वर्ज्य, चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवला की ज्याच्या त्याच्या शेतात भरीत पार्ट्या सुरू. हिरवट पांढऱ्या रंगाची, दोन हातांत धरावी लागतात अशी ही वांगी जळगाव जिल्ह्याचीच. बामणोदच्या वांग्यांचं नाव तर सगळीकडे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

भाजायची पद्धत नीट बघा. गॅस नाही, कोळसा नाही. तुरकाठ्यांचा जाळ, त्यात वांगी उभी-आडवी टाकायची, साल काळी पडून आत गर मऊ झाला की बाहेर काढायची. सालं हातानेच सोलायची, गरम असतानाच. मग लाकडी बडगीत घालून ठेचायचं. मिक्सरने गराचा लगदा होतो. बडगीत तो तारेतारेचा राहतो, आणि चव त्या तारेत असते. वरून लसूण-मिरची, शेंगदाणे, खोबरं, कांद्याची पात. सोबत पुऱ्या आणि कळण्याची भाकरी.

ठेचायला आज ती बसली आहे. घरच्या काकांनी एकदा दाखवलं, बडगी पायाने कशी दाबून धरायची, मुसळीचा घाव कुठे टाकायचा. जरा वेळाने तिच्या तळव्याला फोड आला. तिने ओढणीचं टोक हाताला गुंडाळलं आणि ठेचणं चालू ठेवलं. बाजूला उभ्या बायांमध्ये चर्चा रंगली आहे ती तिच्या मनगटाच्या जोराची.

(पडद्यावर: मोबाइलचा पडदा. व्हिडिओ कॉल.)

जळगावात रात्रीचे साडेदहा, तिकडे संध्याकाळचे सहा. घरची लेक जर्मनीतून बोलते आहे. तिच्याकडचं चित्रण एवढंच, फोनवरचे तुकडे. तिकडे संध्याकाळी चूल पेटत नाही. पाव, लोणी, चीज, काकडी, झालं जेवण. आपल्याकडे रात्री गरम भाकरी नसली तर आजारी माणसाचं पथ्य वाटतं, तिथे ती रोजची रीत. रविवारी दुकानं बंद. गल्लीत आवाज नाही. सुरुवातीला तिला वाटायचं, घरात काही भांडण झालंय की काय. मग कळलं की रविवार तिथे असाच असतो. आता तिकडचे बाबा शनिवारी रात्री मसूर भिजत घालतात आणि रविवारी तिच्या पद्धतीचं वरण लावतात. पडद्यावर पातेलं दाखवलं तिने, वरण जरा दाटच झालंय. आईने इकडून सांगितलं, गरम पाणी घाल, थंड घालू नको.

इकडे फोनच्या मागे ती जर्मन मुलगी कांद्याची पात निवडत बसली आहे. दोघींनी एकमेकींना प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नाही. एकीच्या खोलीत दुसरी झोपते, एकीच्या आईकडून दुसरी जेवते.

नाताळच्या सुमारास जर्मन मुलीला घरची फार आठवण आली, आठ-दहा दिवस जड गेले. त्याच सुमाराला घरही बदललं, कारण वर्षभरात एकाहून जास्त कुटुंबांत राहावं असा या योजनेचा रिवाज आहे. घरच्या मुलीचं इकडचं अकरावीचं वर्ष मागे पडलं. परत आल्यावर ती एका वर्षाने लहान मुलांबरोबर बसेल.

(पडद्यावर: आखाजी. कडुनिंबाला झोका. अंगणात चूल, चुलीवर पालथं खापर.)

अक्षय तृतीया. खानदेशात आखाजी. सासरी गेलेल्या लेकी आजच्या दिवशी माहेरी येतात. आता ही मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या कुटुंबात राहते. ते घरही चांगलं, माणसंही मायेची. पण आखाजीच्या आदल्या दिवशी या घरचे काका तिला न्यायला गेले, जसे लेकीला आणायला जातात तसे. तिथल्या काकूंनी जाताना तिच्या हातात सांजोऱ्यांचा डबा दिला. माहेरी जाताना रिकाम्या हाताने जायचं नसतं.

उन्हाचा पारा चाळिशीच्या वर गेला आहे. जळगाव-भुसावळकडे तो पंचेचाळिशी ओलांडतो तेही लोकांनी पाहिलेलं आहे. तरी चूल अंगणातच. कारण आज खापरावरचे मांडे आहेत.

हे दृश्य आम्ही कापलेलं नाही. पूर्ण बघा. कणीक पाण्याचा हात लावून लावून तिंबली आहे, इतकी की ती बोटांतून ओघळते. दोन पाऱ्यांत पुरण भरलं. लाटणं नाही, पोळपाट नाही. आजी तो गोळा एका हातावरून दुसऱ्या हातावर झेलतात. प्रत्येक झेपेला तो वाढतो. तळव्याएवढा, मग मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. पुरण कुठेच फुटत नाही. आरपार दिसावं इतका पातळ झाला की दोन्ही हातांवरून तो तापलेल्या खापरावर उतरतो, एकही घडी न पडता. अशा हातांच्या बाया आता गावोगाव कमी होत चालल्या आहेत. घराघरातल्या सुनांना वेळ नाही आणि खापर मिळणंही सोपं राहिलेलं नाही.

मुलीचा पहिला मांडा फाटला. दुसराही. तिसरा खापरापर्यंत पोचला, एका बाजूने जाड, पण पोचला. आजींनी तो बाजूला काढून ठेवला आणि दुपारी आमरसाबरोबर स्वतःच्या पानात घेतला.

जेवणं झाल्यावर झोक्यावर गाणी. अहिराणी गाण्याच्या ओळी तिला पाठ आहेत, अर्थ काही ठिकाणी माहीत आहे, काही ठिकाणी नाही. गल्लीतल्या माहेरवाशिणी तिला मध्ये बसवून झोका देतात. परतीच्या प्रवासासाठी तिचा निळा ब्लेझर दारामागे टांगलेला आहे. वर्षभर देशोदेशीच्या मुलांकडून बदल्यात मिळालेल्या पिना त्यावर गच्च लावल्यात. त्यात एक पिन नाही, नथ आहे. खोटी, बाजारातली. ती आईने लावली.

(पडद्यावर: जळगाव, भुसावळ, अमळनेर, चोपडा. रस्ते, घरं, उघडी दारं.)

पुढच्या वर्षीची मुलं जुलै-ऑगस्टमध्ये येतील. मुलं पाठवायला खानदेशातली पुष्कळ कुटुंबं तयार असतात. घेणारी घरं कमी पडतात, आणि घर नसेल तर मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या शहराकडे जाते. बंगला लागत नाही. मुलाला स्वतःचा पलंग हवा, अभ्यासाला बसायला जागा हवी, घरातल्यांनी तपासणीला तयार असायला हवं. इंग्रजी येत नाही म्हणून मागे सरू नका. या घरातल्या आजींना ते येत नाही. शाकाहारी आहात म्हणून नाही म्हणू नका. मुलांना ते आधी सांगितलेलं असतं. म्हातारी माणसं घरात असतील तर ती अडचण समजू नका. या वर्षात सगळ्यात जास्त वेळ त्या मुलीला कोणी दिला असेल तर तो आजींनीच.

आपल्या गावच्या रोटरी क्लबच्या अध्यक्षांना भेटा. चौकशी आणि कागदपत्रांना महिने लागतात, म्हणून दिवाळीनंतर लगेच भेटा. जाताना घरातल्या बाईला सोबत न्या, आणि पहिला प्रश्न तिला विचारू द्या.