स्टोक रो गावची महाराजांची विहीर

श्रोतेहो, नमस्कार. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशर परगण्यातल्या चिल्टर्न टेकड्यांवर वसलेल्या स्टोक रो या छोट्या गावाला ना नदी आहे, ना ओढा. जमिनीखाली खडूचा दगड असल्याने पावसाचे पाणी झिरपून फार खोल जाते, आणि त्यामुळे एकेकाळी गावकऱ्यांना चिकणमातीच्या खड्ड्यांत साचलेल्या गढूळ पाण्यावर भागवावे लागे.

शेजारच्या इप्सडेन गावचे एडवर्ड रीड हे कंपनी सरकारचे हिंदुस्थानातील अधिकारी होते. आझमगढ भागात त्यांनी १८३१ साली एक विहीर खोदवून घेतली होती. घरातले उरलेसुरले पाणी प्यायला म्हणून आईचा मार खाणाऱ्या, इंग्लंडमधल्या आपल्या गावाकडच्या एका पोराची हकीकत त्यांनी काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना सांगितली होती, असे म्हणतात. महाराजांनी ती लक्षात ठेवली आणि स्टोक रोच्या विहिरीचा खर्च स्वतः उचलला. दानाचा ओघ हिंदुस्थानातून इंग्लंडकडे वाहिला, तोही सत्तावन्नच्या उठावानंतर अवघ्या काही वर्षांत, ही गोष्ट मला विहिरीपेक्षाही नवलाची वाटते.

काम १८६३ च्या मार्चमध्ये सुरू झाले. विहिरीचा व्यास जेमतेम चार फूट, खोली मात्र ३६८ फूट, म्हणजे लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या उंचीपेक्षा किंचित जास्तच. आणि हे सारे खोदकाम माणसांनी हातांनी केले. एवढ्या अरुंद जागेत, वरून येणारा उजेड आणि हवा दोन्ही तुटपुंजी असताना, दगड फोडून वर पाठवणाऱ्या त्या मजुरांच्या धैर्याला तोड नाही. २४ मे १८६४ रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, विहीर लोकांसाठी खुली झाली. तिच्यावर खांबांनी पेललेला घुमट आहे आणि रहाटावर बिडाचा सोनेरी हत्ती उभा आहे. भरलेला पोहरा वर ओढायला दहा मिनिटे लागत! देखभालीचा खर्च निघावा म्हणून शेजारी चेरीची बाग लावली. तिचे नाव ‘ईशरी बाग’, आणि तिथले तळेही माशाच्या आकाराचे.

गावात १८४६ सालचे, चकमकीच्या दगडांत बांधलेले चर्च आहे आणि एक जुनी मद्यशाळाही (पब) आहे; पण पाहुणे येतात ते विहिरीसाठीच. १९२७ साली नळाचे पाणी आले, तरी विहिरीचा वापर काही वर्षे चालूच राहिला. १९६४ साली शताब्दी सोहळ्याला राणी एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप आले होते, आणि त्या वेळी विहिरीत गंगाजल ओतण्यात आले.