सहा इंच सात सूत

टेबलावर अंथरलेले हे हळदी रंगाचे सुती कापड ४४ इंच पन्ह्याचे आणि १ मीटर लांबीचे आहे. शेजारी तेवढेच निळे कापड आहे. कात्री अजून लागलेली नाही, आणि ती लागण्यापूर्वी गोधड्या शिवणाऱ्या ताईंच्या या वहीत जे चालते, ते पाहण्यासाठीच आपण येथे आलो आहोत. गोधडी म्हटले की आपल्याला धावदोऱ्याचे टाके आणि जुन्या लुगड्याची ऊब आठवते. मात्र ती ज्या मोजमापावर बेतली जाते, त्याला गणित म्हणण्याची आपली तयारी नसते.

ताईंना यातून भिरभिरे काढायचे आहे. चार लहान चौकोन, प्रत्येक कर्णावर अर्धा हळदी आणि अर्धा निळा, असे फिरवून जोडायचे की मधल्या बिंदूभोवती पाती फिरताना दिसावीत. शिवून झाल्यावर भिरभिरे १२ इंचांचे हवे, म्हणजे लहान चौकोन ६ इंचांचा. शिलाईसाठी चहूबाजूंनी पाव इंच माया सोडून साडेसहा इंचांचा चौकोन कापला आणि कर्णावर त्याचे दोन भाग केले, तर काम होईल असे वाटते. प्रत्यक्षात तुकडा आखूड पडतो, कारण शिवण कर्णावरही येते आणि तिची माया या हिशेबात धरलेलीच नसते.

वहीतला हा त्रिकोण जवळून पाहा. काटकोनाच्या टोकाला बाजू पाव इंच वाढते. दुसरे टोक ४५ अंशांचे, निमुळते आहे. कर्णाची रेषा पाव इंच बाहेर सरकली की हे टोक ०.६ इंच पुढे जाते. दोन्ही मिळून ०.८५ इंच होतात. इंचाचे सूत आठ, आणि सात सुतांना ही बेरीज जेमतेम अर्धा मिलिमीटर कमी पडते. तेवढे शिवण उलटवताना कापडाच्या घडीत जिरते. म्हणून चौकोन कापायचा तो ६ इंच ७ सुतांचा.

आता पन्ह्यात असे सहा चौकोन बसतात, लांबीत पाच; एका रंगाचे ३०. प्रत्येक भिरभिऱ्याला दोन्ही रंगांचे दोन-दोन चौकोन लागतात, तेव्हा एवढ्या कापडात १५ भिरभिरी होतात आणि तीन बाय पाच फुटांची लहान गोधडी पुरी होते. खाली उरलेली पाच इंचांची पट्टी गोटासाठी ठेवली आहे. चिंधी म्हणून टाकून देण्यासारखे जवळजवळ काहीच उरलेले नाही, आणि हे नशिबाने झालेले नाही. या आखणीत ताईंचा अख्खा दिवस जातो. मजुरी मिळते ती शिलाईचीच.

ही दुसरी गोधडी मोठी आहे. हिच्यात १८ भिरभिरी शंकरपाळ्यासारखी टोकावर उभी केली आहेत. प्रश्न असा, की १२ इंचांचा चौकोन टोकावर उभा राहिला तर किती जागा घेईल, म्हणजे त्याचा कर्ण किती? बौधायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदींच्या मोजमापाच्या प्राचीन ग्रंथात, याची रीत दिलेली आहे: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवावा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवावा, आणि या शेवटच्या भागाचा चौतिसावा हिस्सा वजा करावा. बारा, चार आणि एक मिळून सतरा. वजा करायचा चौतिसावा हिस्सा येथे मिलिमीटरहूनही कमी भरतो, म्हणून ताई तो सोडून देतात.

कडेच्या रिकाम्या जागांत दहा त्रिकोण बसवायचे आहेत, आणि खरी पारख येथेच होते. कापड उभ्या-आडव्या धाग्यावर ओढले तर फारसे हलत नाही. तेच उरेब, म्हणजे धाग्यांना तिरके, धरले की, हे पाहा, हातात लांबते. चौकोनाचे दोनच भाग करून हे त्रिकोण काढले, तर गोधडीची बाहेरची कड उरेब येते. ताईंच्या सुरुवातीच्या काळातली ही गोधडी तशी झाली आहे. तिची कड झालरीसारखी लहरते आणि कितीही इस्त्री केली तरी बसत नाही. म्हणून १८ इंच २ सुतांचा चौकोन घेऊन दोन्ही कर्णांवर त्याचे चार भाग करायचे, म्हणजे त्रिकोणाची लांब बाजू सरळ धाग्यावर राहते. चार कोपऱ्यांचे त्रिकोण मात्र ९ इंच ३ सुतांच्या चौकोनातून, एकाच कर्णावर कापलेले असतात, कारण तेथे बाहेर येतात त्या आखूड बाजू.

अस्तर आणि टाक्यांचे काम पुढे बरेच दिवस चालेल. त्याआधी ताई गोधडी जमिनीवर पसरतात. आडवी तीन भिरभिरी, उभी चार, आणि त्यांच्या मधल्या जागांत उरलेली सहा. १७ इंचांच्या हिशेबाने ५१ आणि ६८ इंच. एक साधी दोरी, कडेची पाव इंच माया सोडून, एका कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणतात, तेथे गाठ मारतात आणि तीच दोरी उरलेल्या दोन कोपऱ्यांवर धरतात. गाठ नेमकी कोपऱ्यावर येते. दोरी टेपला लावली, तर ८५ इंचांना सूतभर कमी.