डोंगरातलं पाणी, पांढरे डाग आणि खरी काळजी

नमस्कार मंडळी! आज पाण्याबद्दल बोलूया. डोंगरातल्या छोट्या शहरात नळाला जे पाणी येतं ना, त्याबद्दल. पाहुणा आला की पहिल्याच दिवशी म्हणतो, काय नशीब तुमचं, झऱ्याचं पाणी पिता! आणि त्याच घरात गिझरची कॉइल वेळेआधी जळालेली असते, नळाच्या जाळीत पांढरे कण अडकलेले असतात, केस धुतले की राठ होतात, काचेचा ग्लास कितीही घासा डाग काही जात नाही. मग कोणीतरी सांगतंच, पाणी जड आहे, मुतखडा होईल, मशीन बसवून टाका. मला विचाराल तर घाबरायचं कशाला आणि कशाला नाही, याची इथे पार अदलाबदल झालीये.

आधी हा जडपणा येतो कुठून ते बघू. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड उचलतं, थोडंसं आम्ल होतं, आणि खाली चुनखडीचा खडक असला की तो हळूहळू विरघळवत जातं. म्हणजे कॅल्शियम आलं, कुठे कुठे मॅग्नेशियम आलं, संपलं, हाच तो जडपणा. खडक ग्रॅनाइटचा असेल तर तेच पाऊसपाणी जवळपास कोरं बाहेर येतं. म्हणून एकाच शहरात वरच्या आळीत साबणाला फेसच फेस आणि खालच्या आळीत फेसाचा पत्ता नाही, असं होऊ शकतं, कारण दोघांच्या टाक्या वेगळ्या झऱ्यांवर भरतात. आणि बर्फ वितळला किंवा पाऊस लागला की जडपणा उतरतो, कोरड्या महिन्यांत चढतो, त्यामुळे एकदाच टेस्ट करून रिपोर्ट कपाटात ठेवला तर त्याचा फार उपयोग नाही.

आकड्यात सांगायचं तर लिटरमागे 60 मिलिग्रॅमपर्यंत मऊ, 120 पर्यंत मध्यम, 180 पर्यंत जड, त्यापुढे खूप जड, आणि हे सगळं कॅल्शियम कार्बोनेटच्या (चुनखडीचा मुख्य घटक) हिशोबात मोजतात. आता ऐका, जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कुठलीही मर्यादा ठेवलेलीच नाही! पाण्यातून मिळणारं कॅल्शियम अंगाला लागतंच की. मुतखड्याचं म्हणाल तर पाणी कमी पिणं हे त्याचं जास्त मोठं कारण आहे, त्यामुळे पाणी जड म्हणून कमी पिणारा माणूस नेमकं उलटं करतोय.

जडपणाचा त्रास खरा आहे, पण तो भांड्यांना, मशीनला आणि साबणाच्या खर्चाला. किटलीच्या तळाशी जो पांढरा थर बसतो तो नीट बघा. पाणी तापलं की विरघळलेला बायकार्बोनेट (चुनखडी विरघळली की पाण्यात तयार होणारा क्षार) फुटतो, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, उरलेला कॅल्शियम कार्बोनेट तळाला चिकटतो. गिझरमध्ये हेच होतं, फक्त ते आपल्याला दिसत नाही. म्हणून तापमान जरा कमी ठेवलं तर थर हळू बसतो (पार कोमटही ठेवू नका, तशा साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात). किटलीत व्हिनेगर किंवा सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी थोडा वेळ ठेवलं की थर फसफसून सुटतो.

सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारं मशीन, बसवायचा तर बसवा, पण तो कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम घालतो हे लक्षात असू द्या. लिटरमागे 200 मिलिग्रॅम जडपणा काढला की साधारण 92 मिलिग्रॅम सोडियम वाढतं. म्हणून प्यायचा नळ त्यातून वगळलेला बरा, मीठ कमी खायला सांगितलेली माणसं घरात असतील तर नक्कीच.

आणि मऊ पाणी म्हणजे चांगलं पाणी, असंही नाही हं. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराने 1859 मध्ये लॉक कॅट्रिन या डोंगरी तळ्याचं पाणी आणलं, अगदी मऊ पाणी, पण घराघरातले पाइप शिशाचे, आणि तसं पाणी शिसं विरघळवतं, मग नंतरच्या काळात पाण्यात चुना आणि फॉस्फेट घालायची वेळ आली. जड पाणी पाइपला आतून निदान अस्तर तरी लावतं.

आता खरी काळजी. चुनखडीच्या डोंगरात भेगा असतात, पोकळ्या असतात, आणि पाऊस पडला की पाणी मातीत गाळलं न जाता काही तासांत थेट झऱ्यात उतरतं, वाटेतलं शेण, सांडपाणी, माती सगळं घेऊन. गढूळ पाण्यात क्लोरीन तिथल्या घाणीवरच खर्च होतं आणि जंतू मातीच्या कणांआड लपून राहतात. त्यात उतारावरचं शहर, पाणी ठराविक वेळी सोडतात, बंद झालं की उंचावरच्या पाइपात पोकळी तयार होते आणि फुटक्या जोडातून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून पाणी आल्याआल्या पहिली धार प्यायला भरूच नका.

आणि ते खिशातलं टीडीएस मीटर! ते फक्त विरघळलेले क्षार दाखवतं, जंतूंबद्दल एक अक्षर सांगत नाही. 80 आकडा आला म्हणून खूश होऊ नका, 400 आला म्हणून घाबरू नका. त्यापेक्षा क्लोरीन तपासायची साधी किट आणा, नळाशी लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसलं पाहिजे. कधी नळाचं पाणी दुधासारखं पांढरं आलं तर ग्लास दोन मिनिटं तसाच ठेवा. तळापासून वर निवळत गेलं तर ती हवा आहे, उतारावर पाइपातलं प्रेशर जास्त असतं म्हणून विरघळलेली. वरून निवळत तळाला साका बसला तर तो गाळ, ते पाणी पिऊ नका.

उकळायचं तर एक डोंगरी हिशोब आहे. 2000 मीटरवर पाणी 93 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे एवढ्या उंचीवर खळखळ उकळी आल्यावर निदान तीन मिनिटं उकळत ठेवायचं, त्याखाली एक मिनिट पुरतं. आणि पाणी गढूळ असेल तर आधी निवळून, कापडातून गाळून मगच गॅसवर ठेवा.