हजचा हिशेब

(दृश्य : मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचे हज हाऊस. आत-बाहेर करणारी माणसे, हातात कागदपत्रांच्या पिशव्या.)

इस्लामच्या पाच मूलभूत कर्तव्यांपैकी नमाज गरीब-श्रीमंत असा भेद न करता सर्वांना लागू आहे. हज मात्र ज्याची ऐपत आहे त्याच्यावरच फर्ज, म्हणजे बंधनकारक, होतो. कुराणाने ही अट घातली आणि धर्मशास्त्राच्या जाणकारांनी ऐपत म्हणजे नेमके काय, याचा तपशील पुढे ठरवला. जाण्या-येण्याचे भाडे आणि तिथल्या मुक्कामाचा खर्च एवढ्याने ती पुरी होत नाही. डोक्यावरचे देणे बाजूला काढलेले असावे आणि हाजी परत येईपर्यंत घरी राहणाऱ्या माणसांच्या पोटापाण्याची व्यवस्था झालेली असावी, हेही त्यात येते. म्हणजे मक्केच्या प्रवासाचे अंदाजपत्रक घरातल्या उधारीच्या वहीपासून सुरू होते. हज समिती, म्हणजे यात्रेची व्यवस्था पाहणारी सरकारी संस्था, दरवर्षी खर्चाचा जो आकडा जाहीर करते तो या अंदाजपत्रकाचा मोठा भाग असला, तरी संपूर्ण अंदाजपत्रक नव्हे, आणि अनेक कुटुंबांची ओढाताण होते ती नेमकी या दोहोंतल्या अंतरामुळे.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. रत्नागिरी, रायगड आणि ठाणे पट्ट्यातील कोकणी मुसलमान इस्लामी धर्मशास्त्राच्या शाफई परंपरेचे आहेत, तर मराठवाडा, खानदेश, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्रातील बहुसंख्य मुसलमान हनफी परंपरेचे. ऐपत आल्यावर हजला विलंब करू नये, याकडे हनफी मताचा कल आहे. शाफई मतानुसार जाण्याचा इरादा पक्का असेल तर पुढच्या एखाद्या वर्षी गेले तरी चालते. त्यामुळे मुलीचे लग्न आधी की हज आधी, या घरोघरी चालणाऱ्या वादाला चिपळूणमध्ये एक उत्तर मिळते आणि मालेगावात दुसरे मिळू शकते.

(दृश्य : मुंबई बंदर, जुन्या जहाजांची कृष्णधवल छायाचित्रे.)

एकेकाळी हा प्रवास मुख्यतः मुंबई बंदरातून होत असे. एकोणिसाव्या शतकात असंख्य यात्रेकरू जेमतेम जाण्याचे भाडे घेऊन निघत, हेजाजमध्ये, म्हणजे मक्का-मदिनेच्या प्रदेशात, पैसे संपले की जेद्दा बंदरात अडकून पडत आणि त्यांना परत आणायचे कोणी, हा ब्रिटिश सरकारपुढचा कायमचा प्रश्न होता. सरकारने १८८६ मध्ये थॉमस कुक या कंपनीकडे हज प्रवासाची व्यवस्था सोपवून पाहिली, पण ती व्यवस्था काही वर्षांतच गुंडाळावी लागली. पुढे परतीच्या तिकिटाची किंवा तेवढ्या अनामत रकमेची सक्ती झाली. आज हज समितीचे हप्ते भरताना जी शिस्त जाचक वाटते, तिचे मूळ जेद्द्याच्या धक्क्यावर अडकलेल्या त्या माणसांत आहे.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई असताना रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये हज यात्रेकरूंसाठी खास नोटा काढल्या होत्या. दहा आणि शंभर रुपयांच्या या नोटांवर ‘हज’ असे छापलेले असे आणि त्या भारतात व्यवहारासाठी चालत नसत. नाणी-नोटा जमवणाऱ्यांच्या संग्रहात आज त्यांना मोठी किंमत येते. ज्यांनी त्या खर्चण्यासाठी नेल्या त्यांच्यापैकी कुणी एखादी मागे ठेवली असेल, असे मात्र वाटत नाही. १९९५ मध्ये समुद्रमार्ग बंद झाला आणि विमान हाच एकमेव मार्ग उरला. विमानभाड्यावरील सरकारी अनुदान दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला. प्रत्यक्षात सरकारने ते २०१८ मध्येच बंद केले. अनुदान बंद होण्याला समाजातूनच बराच पाठिंबा होता, कारण ऐपतीवर फर्ज होणाऱ्या यात्रेला सरकारी मदत कशाला, असा प्रश्न अनेक जण आधीपासून विचारत होते. तेव्हापासून हज समितीमार्फत जाणारा यात्रेकरूही आपला संपूर्ण खर्च स्वतः करतो.

(दृश्य : संगणकावर अर्ज भरणारा तरुण, शेजारी बसलेले वडील.)

भारताचा २०२५ चा हज कोटा १,७५,०२५ जागांचा होता. त्यातील सत्तर टक्के जागा हज समितीकडे आणि तीस टक्के खासगी टूर ऑपरेटरांकडे होत्या. समितीकडे अर्ज जागांपेक्षा जास्त आले की कुर्रा, म्हणजे सोडत काढली जाते. नाव निघाले की घड्याळ सुरू होते. २०२५ च्या हजसाठी पहिला हप्ता १,३०,३०० रुपयांचा होता आणि तो २०२४ च्या ऑक्टोबरच्या सुमारास भरायचा होता. त्यानंतर डिसेंबरमध्ये १,४२,००० रुपयांचा दुसरा हप्ता आला. म्हणजे प्रत्यक्ष यात्रेच्या सहा महिने आधी माणशी २,७२,३०० रुपये गेलेले होते आणि विमानभाडे निश्चित झाल्यावर ठरणारा शेवटचा हप्ता अजून बाकी होता. नवरा-बायको दोघे जाणार असतील तर हे आकडे दुप्पट करून वाचावेत.

सोयाबीन आणि कपाशी पिकवणाऱ्या घरासाठी ऑक्टोबर आणि डिसेंबर हे महिने त्यातल्या त्यात बरे म्हणायचे, कारण तेव्हा हातात काही पैसा येतो. पण हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे हज दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि सौदी सरकारच्या मुदतीही अलीकडे येत आहेत. २०२६ च्या हजसाठी तर १,५२,३०० रुपयांची पहिली रक्कम २०२५ च्या ऑगस्टमध्येच मागितली गेली. तेव्हा पीक शेतात उभे असते आणि खत-बियाण्यांची उधारी दुकानदाराकडे बाकी असते. त्यामुळे ‘एकूण किती लागतील’ या प्रश्नाइतकाच ‘केव्हा लागतील’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. पुढच्या हंगामाच्या भरवशावर अर्ज करण्यापेक्षा निदान पहिले दोन हप्ते हातात असताना अर्ज करणे शहाणपणाचे, कारण नाव निघाल्यावर माघार घेतली तर नियमांनुसार कपातही सोसावी लागू शकते.

कोणत्या विमानतळावरून निघायचे, हाही पैशाचाच निर्णय आहे. २०२३ मध्ये औरंगाबादहून निघणाऱ्या यात्रेकरूला मुंबईहून निघणाऱ्यापेक्षा ऐंशी हजार रुपयांहून अधिक रक्कम द्यावी लागणार होती आणि हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. लहान विमानतळावरून प्रवासी कमी, विमाने कमी, म्हणून भाडे जास्त, असे त्यामागचे साधे गणित आहे. घराजवळून निघण्यात वृद्धांची सोय आहे, हे खरेच. तरीही मराठवाड्यातून मुंबईपर्यंतचे रेल्वेभाडे आणि मुंबईतल्या एक-दोन दिवसांच्या राहण्याचा खर्च त्या फरकाच्या तुलनेत किरकोळ आहे आणि अर्जात निर्गमन स्थळ नोंदवण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडायला हवा.

खासगी ऑपरेटरकडून जाणाऱ्यांचा खर्च हरमपासूनचे, म्हणजे मक्केतील मुख्य मशिदीपासूनचे, अंतर, मुक्कामाचे दिवस आणि मक्केजवळच्या मिनामधील तंबूची जागा यांनुसार समितीच्या दराच्या दुपटीच्या आणि त्याहूनही पुढे जाऊ शकतो. त्यावर जीएसटी लागतो. तो माफ व्हावा यासाठी टूर ऑपरेटरांनी केलेल्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये फेटाळल्या. परदेशी सहलीच्या पॅकेजवर उगमस्थानीच गोळा होणारा कर, म्हणजे टीसीएस, वेगळा असतो. हा कर आयकर विवरणपत्र भरून वळता करून घेता येतो किंवा परत मिळवता येतो, हे ज्यांचे उत्पन्न करपात्र नाही अशा अनेक वृद्ध यात्रेकरूंना कुणी सांगत नाही, आणि त्यांची हक्काची रक्कम तशीच पडून राहते. खासगी मार्गातली खरी जोखीम मात्र निराळी आहे. २०२५ मध्ये सौदीतील करार आणि भरणे मुदतीत पूर्ण न झाल्यामुळे खासगी कोट्यातील हजारो जागा हुकल्या. ऑपरेटरची नोंदणी तपासणे, पैसे बँकेमार्फत देणे आणि परताव्याची अट लेखी घेणे ही कामे करताना भीड बाळगण्याचे कारण नाही, मग तो ऑपरेटर नात्यातला किंवा मोहल्ल्यातला का असेना.

(दृश्य : मक्केतील अजीजिया भाग, इमारतींसमोर उभ्या असलेल्या बस.)

सौदी अरेबियात पोहोचल्यावर हिशेब रियालमध्ये होतो. एका डॉलरला ३.७५ रियाल हा दर १९८६ पासून बांधलेला आहे, त्यामुळे रियाल महागला असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा रुपया डॉलरपुढे घसरलेला असतो. डॉलर ८० रुपयांना असेल तर रियाल २१ रुपये ३३ पैशांना पडतो. डॉलर ९० ला गेला की तोच रियाल २४ रुपयांचा होतो. दोन हजार रियाल वरखर्चाला न्यायचे ठरवले असेल तर एवढ्या फरकाने सुमारे पाच हजार तीनशे रुपये जास्त लागतात. म्हणून तिथल्या खर्चाचा अंदाज रियालमध्ये बांधून वर दहा टक्के रक्कम चढ-उतारासाठी राखणे हा मार्ग सर्वांत भरवशाचा वाटतो. हे आता अधिक आवश्यक झाले आहे, कारण यात्रेकरूने भरलेल्या रकमेतूनच त्याला २,१०० रियाल रोख देण्याची समितीची जुनी पद्धत २०२३ मध्ये बंद झाली आणि चलनाची व्यवस्था ज्याची त्याच्यावर आली.

समितीमार्फत जाणाऱ्यांचा मक्केतील मुक्काम प्रामुख्याने अजीजिया भागात असतो. तिथून हरम काही किलोमीटरवर आहे आणि ये-जा करण्यासाठी बसची सोय असते. परंतु हजच्या मुख्य दिवसांच्या आसपास रस्ते बंद होतात, बस थांबतात आणि टॅक्सीवाले तोंडाला येईल तो दर सांगतात. त्या दिवसांसाठी वेगळे पैसे हवेत. सुमारे चाळीस दिवसांच्या मुक्कामात जेवणाचा खर्च सर्वांत मोठा असतो आणि स्वयंपाकाची मुभा आहे की नाही हे इमारतीवर आणि त्या वर्षीच्या नियमांवर अवलंबून असल्याने घरून डाळ-तांदूळ बांधण्यापूर्वी चौकशी करणे बरे. दुकानातल्या बहुतेक वस्तूंवर २०२० पासून पंधरा टक्के मूल्यवर्धित कर आहे. मधुमेहाची, रक्तदाबाची औषधे संपूर्ण मुक्कामाला पुरतील एवढी डॉक्टरांच्या चिठ्ठीसह सोबत न्यावीत. तिथे विकत घेण्याची वेळ आल्यास वरखर्चाचे सारे गणित कोलमडते.

कुर्बानीचा खर्च टाळता येत नाही. भारतातून जाणारे बहुतेक यात्रेकरू आधी उमरा, म्हणजे मक्केची छोटी यात्रा, करून एहराम, म्हणजे यात्रेचा पवित्र पेहराव, उतरवतात आणि हजसाठी तो पुन्हा बांधतात; या प्रकारच्या हजमध्ये कुर्बानी आवश्यक असते. सौदीतील अधिकृत योजनेच्या कूपनची किंमत अलीकडच्या वर्षांत ७२० रियाल राहिली आहे. बाहेर याहून स्वस्तात कुर्बानी करून देतो म्हणणारे भेटतात, पण जनावर खरोखर कापले गेले की नाही हे कळायला मार्ग नसतो, त्यामुळे तिथे काटकसर करू नये. एहरामच्या नियमांत काही चूक घडली तर दम, म्हणजे आणखी एक जनावर द्यावे लागू शकते. म्हणून तेवढीच रक्कम आणखी एकदा बाजूला ठेवण्याचा सल्ला अनुभवी हाजी देतात.

(दृश्य : मदिनेतील खजुरांची बाजारपेठ.)

अंदाजपत्रक सर्वाधिक बिघडते ते मात्र घरच्या बाजूला. निघण्याआधीच्या दावती, निरोपाला येणाऱ्या नातेवाइकांचे चहापाणी, विमानतळापर्यंत पोहोचवायला गाड्या भरून येणारे आप्त आणि परतल्यावर गावभर वाटायचा तबर्रुक : खजूर, तस्बीह (जपमाळ), जानमाज (नमाजाची चटई), अत्तर. यातले काहीही हजचा भाग नाही. पाच लिटर जमजम, म्हणजे मक्केतील पवित्र विहिरीचे पाणी, विमान कंपनीकडून परतल्यावर मिळते. बाकी सामानाला वजनाची मर्यादा असते आणि जास्तीच्या किलोंचे शुल्क भरून आणलेली जानमाज अनेकदा मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर त्याहून स्वस्त मिळते. ज्या घरांत कर्ज काढून दावत दिली जाते, तिथे ऐपतीची मूळ अटच उलटी फिरते, हे स्पष्ट बोलायला कुणीतरी वडीलधाऱ्याने पुढे व्हायला हवे.

एवढी रक्कम साठवायची कशी, याची उत्तरे प्रत्येक वस्तीने आपापल्या परीने शोधली आहेत. यंत्रमागांच्या गावांत भिशी चालते. कोकणात आखातात नोकरी करणारा मुलगा आई-वडिलांचा खर्च उचलतो. कित्येक बायका दागिना मोडतात. व्याज टाळायचे असल्याने मुदत ठेवीचा सरळ मार्ग अनेकांना नको असतो. मलेशियाने याच अडचणीतून वाट काढली आणि १९६० च्या दशकात हजसाठी बिनव्याजी बचत करणारी संस्था उभारली; ती आज ताबुंग हाजी या नावाने ओळखली जाते. आपल्याकडे त्या तोडीचे काही नाही. साठवणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हजसाठी बाजूला ठेवलेली रक्कम निसाबच्या, म्हणजे जकातीसाठी ठरलेल्या किमान मर्यादेच्या, वर असेल आणि तिच्यावर चांद्र वर्ष उलटले, तर सर्वसाधारण मतानुसार तिच्यावरही अडीच टक्के जकात, म्हणजे सक्तीचे दान, लागू होते. तीन लाख रुपये जमले असतील तर वर्षाला साडेसात हजार, आणि दीर्घकाळ साठवणाऱ्याला ही वजावट दर चांद्र वर्षाला करावी लागते.

(दृश्य : एका घरात कागदावर काहीतरी लिहीत बसलेले वृद्ध गृहस्थ.)

निघण्यापूर्वी देण्या-घेण्याची यादी आणि वसीयत, म्हणजे मृत्युपत्र, लिहून ठेवण्याची रीत आहे. त्या यादीत हजचाही उल्लेख असावा. हज फर्ज झालेला असताना तो न करताच माणूस गेला, तर हनफी मतानुसार त्याने वसीयत केली असेल तरच आणि मालमत्तेच्या एक तृतीयांश भागातूनच त्याच्या नावाने दुसऱ्याला हजला पाठवणे वारसांवर बंधनकारक ठरते. शाफई मतानुसार हा हज त्याच्यावरचे कर्जच राहतो आणि वसीयत नसली तरी वाटणी होण्यापूर्वी त्याचा खर्च मालमत्तेतून वेगळा काढावा लागतो.