टेंडर आधी, तोफ नंतर

नमस्कार, श्रोतेहो.

आजचा विषय थोडा वेगळा आहे. घरात कॉम्प्युटर असेल आणि शाळेला सुट्टी लागलेली असेल, तर मुलांनाही हाक मारा. आज बोलायचंय एका आगगाडीच्या खेळाबद्दल. खेळाचं नाव ‘ट्रान्सआर्क्टिका’. फ्रान्समधल्या सिल्मारिल्स नावाच्या कंपनीने तो 1993 साली काढला, अमेरिकेत तोच ‘आर्क्टिक बॅरन’ या नावाने विकला गेला. जुना खेळ आहे, पण डॉसबॉक्स नावाचा, जुने खेळ चालवणारा प्रोग्राम टाकला की आजच्या कॉम्प्युटरवरही चालतो.

गोष्ट अशी की पृथ्वीचं तापमान वाढतंय म्हणून माणसं उपाय करायला जातात, उपाय अंगाशी येतो, आकाश झाकोळतं आणि सूर्य दिसेनासा होतो. सगळीकडे बर्फ. जगात चालतं ते फक्त रेल्वेचं राज्य, आणि रेल्वे ‘व्हायकिंग युनियन’ नावाच्या टोळीच्या ताब्यात. आपल्याकडे एकच गाडी. तिच्यातून माल न्यायचा, विकायचा, डबे जोडायचे, वाटेत व्हायकिंगांच्या गाड्यांशी लढायचं आणि सूर्य परत कसा आणायचा याचा छडा लावायचा.

आता मुख्य सूत्र. कागद-पेन्सिल घ्या, किंवा नका घेऊ, मी पुन्हा सांगणारच आहे. टेंडर आधी, तोफ नंतर. टेंडर म्हणजे इंजिनामागचा कोळशाचा डबा. या खेळात पैसा म्हणजे लिग्नाइट, आणि इंजिनात जळतं तेही लिग्नाइटच. दुकानात मोजून द्यायचं तेच चुलीत घालायचं! तेव्हा हातातलं सगळं लिग्नाइट खरेदीत घालवलंत, तर पुढच्या गावापर्यंत जाणार कशावर?

हे मला कोणी शिकवलं ते सांगतो.

1996 चा मे महिना. आम्ही भुसावळला आजोळी. मामेभावाने कॉम्प्युटरचा क्लास काढला होता, त्यातलं एक 386 मशीन दुपारी रिकामं असायचं. खेळ कोणाकडून तरी फ्लॉपीवर आला होता, सोबत पुस्तिका नाही, काही नाही. बाहेर पंचेचाळीस अंश आणि पडद्यावर बर्फाचं वादळ. मी घामाघूम होऊन बर्फातून गाडी हाकतोय.

आईचे मामा, अण्णामामा, तिथंच खाटेवर पडलेले असायचे. उमेदीची वर्षं त्यांनी वाफेच्या इंजिनावर फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा, म्हणून काढली. भुसावळच्या शेडमधून निघायचं, खंडव्याकडचा चढ चढवायचा, परत यायचं. पेन्शनीत आल्यावर त्यांचं काम एकच, दुपारी डोळे मिटून सगळ्यांचं ऐकणं. (इंजिनाला अग्निरथ म्हणावं असा आग्रह धरणारे लोक आहेत. भुसावळात स्टेशनवर उभं राहून एकदा म्हणून बघा, माणसं वळून बघतील.)

तर त्या दुपारी मी हातातलं सगळं लिग्नाइट देऊन दोन तोफांचे डबे घेतले. वाटलं, आता कोण अडवतो! निघालो. दोन गावांच्या बरोबर मधोमध टेंडर रिकामं. गाडी उभी. नकाशावर व्हायकिंगांची गाडी सरकत सरकत येताना दिसतेय, आणि मी ओरडतोय.

अण्णामामा उठून बसले. “काबरं ओरडू राहिला रे भाऊ?”

मी सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, पडद्याजवळ तोंड नेलं. पहिला प्रश्न, “पाण्याची काच कुठाय?” मला कळेना. “बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काच रे!” म्हटलं, मामा, तशी काही दिसत नाही. “बिनपाण्याचं इंजिन! ड्रायव्हर शहाणा दिसतो.” मग म्हणाले, “आणि कोळसा?” म्हटलं, संपला, त्याच्या तोफा घेतल्या. ते माझ्याकडे बघतच राहिले. “तोफ जाळशील का आता?”

एवढ्यात लाइट गेली. खेळ साठवलेला नव्हता. व्हायकिंग काय करणार होते ते देवालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी खेळ पहिल्यापासून सुरू, आणि अण्णामामा खाट सोडून खुर्चीवर. माउसला हात लावेनात, म्हणाले, ते उंदराचं तू बघ. पण बोलणं अखंड. “थोडा टाक. सारखा टाक, पण थोडा टाक. ढीग घातला तर आग गुदमरते.” मी म्हणे, मामा, यात आग गुदमरत नाही. “तुझ्यात नसेल, माझ्यात गुदमरते.” मग त्यांचं सुरू झालं. चांगला फायरमन धुराकडे बघतो. धुराड्यातून काळाभोर धूर निघाला की समजायचं, अर्धवट जळलेला कोळसा वर उडून चाललाय. फिकट राखाडी रेघ निघाली की आग ठीक. चढ लागल्यावर आग वाढवून उपयोग नाही, चढाच्या आधीच ती तयार हवी. आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, वाफ फुसकारत बाहेर पडली, तर प्रवाशांना वाटतं वा, काय जोर आहे इंजिनाला! फायरमनला मात्र शरम वाटते, कारण ती वाफ त्यानेच फावडं मारमारून केलेली असते.

“रेल्वेचा कोळसा होता,” ते म्हणाले, “तरी जीव तुटायचा. तुझा तर पगारच जळू राहिला.”

श्रोतेहो, तिथं माझी ट्यूब पेटली. तोवर मी तो लढाईचा खेळ समजत होतो. ज्याची फावडी मोजून पडतात त्याच्याकडे तोफांना पैसे उरतात. म्हणून पुन्हा सांगतो, टेंडर आधी, तोफ नंतर.

खेळात दुसराही कोळसा आहे, अँथ्रासाइट. फरक फार समजावत नाही, ओल्या लाकडावर ज्यांनी चूल पेटवली आहे त्यांना तो माहीतच आहे. लिग्नाइट तपकिरी, खूप पाणी धरून असलेलं, उष्णता कमी. आपल्याकडे तमिळनाडूत नेयवेलीला त्याच्यावर वीज करतात. अँथ्रासाइट कडक, चकचकीत, धूर कमी आणि धग जास्त. तेव्हा रोजच्या प्रवासाला लिग्नाइट वापरा आणि अँथ्रासाइट जपून ठेवा, जेव्हा वेगाची खरोखर गरज असेल तेव्हासाठी. घरात तूप जसं काढतो, तसं काढा.

जळणावरून आठवलं. गॅसवर भाजलेल्या वांग्याला भरीत म्हणू नये. भुसावळजवळच्या बामणोदचं हिरवं वांगं, कपाशीच्या काड्यांचा जाळ, हिवाळ्याची रात्र, याला भरीत म्हणतात. बाकीचं सगळं वांग्याची भाजी. याच्याशी खेळाचा संबंध नाही, पण अण्णामामांचंही हेच मत होतं आणि ते कुठेतरी नोंदवून ठेवायला हवं.

व्यापाराचं थोडक्यात. प्रत्येक गावाची गरज वेगळी, भाव वेगळे. भाव वहीत लिहून ठेवा, हो, खऱ्या वहीत. आमच्या वहीत शेवटी गणिताची पानं संपली होती. लांबच्या गावाचा भाव चांगला दिसला तरी तिथवर जायला जळण किती लागेल ते वजा करून मगच नफा म्हणा. जवळच्या दोन गावांत चार फेऱ्या मारणं सुरुवातीला बरं पडतं.

या खेळात गुलामही विकत मिळतात. मी त्या यादीवर कधी बोट ठेवलं नाही. खेळच आहे, असं मित्र म्हणायचे. असेल. पण मला ते जमलं नाही, आणि मी सांगणारही नाही की घ्या.

लढाईबद्दल एवढंच, दोन गाड्या शेजारशेजारच्या रुळांवर येतात आणि मारामारी डब्यांमध्ये होते. मालाचा डबा गेला तर माल गेला. म्हणून विक्री करून मोकळ्या हाताने भांडा, भरलेल्या गाडीने भांडू नका. आणि गावात पोचलात की आधी खेळ साठवा. लाइट जाते.

जाता जाता अण्णामामांचं एक. पूर्ण खेळाचा उद्देश काय, असं त्यांनी शेवटच्या दिवशी विचारलं. मी म्हटलं, मामा, सूर्य हरवलाय, तो परत आणायचा. ते खिडकीकडे गेले, बाहेरच्या त्या पांढऱ्याफटक दुपारकडे बघितलं आणि म्हणाले, “त्यांना म्हणावं भुसावळला या, घेऊन जा.”

बाहेरून खूण होतेय, वेळ संपत आलीय. मॅमथ राहिलेच! हो, केसाळ हत्ती, तेही आहेत या खेळात. त्यांचा डबा जोडता येतो, लढाईत ते शत्रूच्या गाडीवर चालून जातात. मात्र घेताना टेंडरकडे एकदा बघा. नमस्कार.