आवाज मधोमध

[दृश्य: पंचवटीतला जुना वाडा, माडीवरची खोली. खिडकीशी टेबल, टेबलावर दिवा.]

ही तार बघा. मामाच्या बोटावर आहे तोवर दिसते, टेबलावर ठेवली की हरवते. हिच्या पोटात हिच्याहूनही बारीक असे तांब्याचे धागे आहेत. प्रत्येक धाग्यावर इनॅमलचा पातळ थर आणि सगळ्यांवर मिळून रेशमाचं वेष्टण. लिट्झ वायर म्हणतात हिला. अशा चार तारा आज एका टोनआर्ममधून, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरची सुई धरणाऱ्या पोकळ दांड्यातून, ओवायच्या आहेत.

माझा मामा नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झाला. हा टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर, जपानी बनावटीचा, 1970 च्या दशकातला, एस आकाराच्या आर्मचा. मामाने तो मुंबईच्या चोरबाजारातून आणला होता. गेली कित्येक वर्षं तो माडीवर झाकून पडला होता. आमच्याकडे पावसाळ्यात गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी आलं की भिंतींना जी ओल धरते, ती दिवाळीपर्यंत हटत नाही. त्या ओलीने काय केलं, ते आर्मच्या टोकाशी दिसतं. सुई जिला बसवलेली असते त्या कार्ट्रिजच्या क्लिपांवर हा हिरवा कळक, तांब्याचा गंज. डावा स्पीकर मधेच मुका व्हायचा आणि आर्मला टिचकी मारली की बोलायचा. एका दुरुस्तीवाल्याने नवी कार्ट्रिज बसवून दिली, पैसे घेतले. दोष तसाच राहिला, कारण तो तारेत होता.

एवढीशी तार इतकी का महत्त्वाची? सुई खाचेतून जाताना कार्ट्रिजमध्ये जी वीज तयार होते, ती असते जेमतेम 5 मिलिव्होल्ट. पेन्सिल सेल 1.5 व्होल्टचा असतो, म्हणजे त्याचा तीनशेवा भाग. एवढ्याशा विजेला कळकलेला सांधा म्हणजे बंद दारच. बरं, जाड तार घालावी तर तेही चालत नाही. सुईचा रेकॉर्डवरचा भार 2 ग्रॅमच्या आत-बाहेर, लग्नातल्या अंगठीहून कमी. तार ताठ असेल तर ती आर्मलाच ओढून धरते.

[दृश्य: सोनाराचा चिमटा, भिंग, सोल्डरिंग आयर्न.]

चिमटा आणि भिंग सराफ बाजारातून आणलं. काम सुरू करण्याआधी कार्ट्रिज उतरवून डबीत ठेवली. ती जागेवर असताना क्लिपेला सोल्डर लावलं तर आतली कॉइल जळू शकते. मग रंगांचा फोटो काढला. रंग ठरलेले असतात: उजव्या बाजूचा लाल आणि त्याचा परतीचा हिरवा, डाव्या बाजूचा पांढरा आणि त्याचा परतीचा निळा.

जुनी तार काढायची रीत अशी, की तिच्याच शेपटाला नवी बांधायची आणि हलक्या हाताने ओढायची. नाडीला नाडी बांधून परकरात ओवतात, तसंच. मी ओढली. एसच्या पहिल्या वळणाशी ती अडली. मामा म्हणाला, "थांब बाळ, हात सैल सोड." तोवर मी आणखी थोडं ओढलं होतं. तार आतच तुटली.

त्या संध्याकाळी मी जेवले नाही, हे मामी अजून सांगते.

पण वाट काढली ती मामीनेच. तिचं माहेर येवल्याचं, घरात पैठणीचा माग. तिच्या शिवणाच्या डब्यात रेशमाचं रीळ असतंच. जुन्या तारेचे तुकडे दोन्ही टोकांनी चिमट्याने काढून घेतले, रेशमाचा पदर नळीच्या एका तोंडाशी धरला आणि दुसऱ्या तोंडाला मामीने व्हॅक्युम क्लीनरचा पाइप लावून मूठ आवळली. एक क्षण काहीच झालं नाही. मग रीळ माझ्या मांडीवर गरगर फिरायला लागलं. धागा दोन्ही वळणं पार करून पलीकडे निघाला होता. त्याच धाग्याला चारही तारा बांधल्या आणि या वेळी ओढायचं काम मामाने केलं. पाऊण तास लागला त्याला.

आता सोल्डर. नुसती टोकं जोडून भागत नाही, आधी इनॅमल जाळायला हवं, नाहीतर आतलं तांबं सोल्डरला लागतच नाही. मामा याला कल्हई म्हणतो, आणि ते खरंच आहे. तांबट लेनमधल्या भांड्यांना लागतं तेच कथील इथेही लागतं, फक्त सोबत शिसं असतं आणि नवसागराऐवजी राळ. आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब धरायचा आणि तारेचं टोक त्यात बुडवून थांबायचं. धूर येतो, राळेचा वास सुटतो, आणि काळपट टोक एकदम चांदीसारखं लखलखतं. तो क्षण मी पुन्हा पुन्हा बघू शकते.

आर्मच्या तोंडाशी चार पिना आहेत, त्या प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या. आयर्न जास्त वेळ टेकवलं तर प्लॅस्टिक मऊ पडून पिना कलतात. म्हणून समोरून हेडशेल, म्हणजे कार्ट्रिज जिथे बसते तो आर्मचा पुढचा तुकडा, बसवून ठेवलं. ते पिनांना सरळ धरतं आणि उष्णताही शोषून घेतं. एका पिनेला दोन सेकंद, मग फुंकर. खाली तारा जिथे आर्ममधून बाहेर पडतात तिथे सैल वेटोळं ठेवलं. आर्म तोलून हवेत तरंगता सोडला, त्याला हलकेच बाहेर ओढणारं अँटी-स्केट शून्यावर. तो कुठल्याच बाजूला सरकला नाही, म्हणजे तारा त्याला ओढत नाहीत. अर्थिंगची तार आर्मच्या नळीला जोडली. ती जोडायची राहिली की स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येत राहतो.

तळाचा पत्रा बसवू या, मी म्हटलं. मामा म्हणाला, "आधी ऐकू."

रेकॉर्ड त्याने ठरवूनच ठेवली होती. शास्त्रीय गायक पंडित दत्तात्रेय विष्णु पलुस्कर. 28 मे 1921 ला याच नाशिकमध्ये जन्मले. वडील विष्णु दिगंबर 1931 साली गेले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता, आणि हा मुलगाही 1955 मध्ये, वयाच्या 34 व्या वर्षी गेला. त्यांच्या जुन्या मुद्रणांची ही लाँग प्ले. मोनो.

सुई टेकवली. दोन्ही स्पीकर वाजले. मी टाळी वाजवली. मामा मात्र हलला नाही. "डग्गा कुठे गेला?"

खरंच नव्हता. तबला टिकटिकत होता, डग्ग्याचा घुमारा गायब. आणि आवाज कुठून येतोय ते कळेना. खोलीभर पसरलेला, पण माणूस कुठेच नाही.

मोनो रेकॉर्डमध्ये खाचेच्या दोन्ही भिंतींवर एकच आवाज कोरलेला असतो, म्हणून दोन्ही स्पीकरांनी एकाच वेळी पुढे आणि एकाच वेळी मागे जायला हवं. एका बाजूच्या दोन तारांची अदलाबदल झाली तर एक स्पीकर पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. खर्ज हवेतल्या हवेत एकमेकांना खाऊन टाकतो. स्टिरिओ रेकॉर्डवर ही चूक सहज निसटून गेली असती.

टर्नटेबल आडवा करून फोटो पुन्हा पाहिला. पांढऱ्या-निळ्यावर माझ्याच अंगठ्याची सावली पडली होती, आणि तिथे मी अंदाजाने जोडलं होतं. दोन सांधे सोडवले, उलटे करून जोडले.

[दृश्य: सुई खाली येते. निवेदन थांबतं. रेकॉर्डचा आवाज, अर्धा मिनिट.]

आता ऐका. ते डाव्या स्पीकरमध्ये नाहीत, उजव्यातही नाहीत. दोन्हींच्या मधोमध, भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी बसून गातायत. मामी स्वयंपाकघरातून पोळपाट-लाटणं घेऊन बाहेर आली, इथेच खाली बसली आणि लाटायला लागली.

तळाचा पत्रा मामाने बाजू संपल्यावर बसवला.