किती जणांपैकी किती?

श्रोतेहो, नमस्कार.

जुलै उजाडला की मुंबईत एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं. लोकलमध्ये, डेअरीवर, औषधाच्या दुकानात. "सध्या साथ आहे." आपल्या घरात दोघांना ताप, समोरच्या बिऱ्हाडात एकाला, की झाली साथ! आता साथ आहे की नाही हे ठरवायला साथरोगशास्त्राची कसोटी अगदी साधी आहे. एखाद्या ठिकाणी, वर्षाच्या त्या काळात एरवी जितके रुग्ण असतात, त्याहून ठळकपणे जास्त दिसू लागले की ती साथ. सप्टेंबरात एखाद्या वॉर्डात डेंग्यूचे 50 रुग्ण सापडले तर आरोग्य खात्यातला माणूस म्हणेल, दरवर्षीचंच आहे. तेच 50 फेब्रुवारीत सापडले तर त्याची झोप उडेल. आणि देवीचा एक रुग्ण जरी आज कुठे सापडला, तरी साऱ्या जगात धावपळ होईल, कारण 1980 साली देवीचं उच्चाटन जाहीर झालं आणि तेव्हापासून एरवीचा आकडा शून्य आहे. थोडक्यात काय, साथ ओळखायची तर साथ नसतानाच्या नोंदी हव्यात. हे फार कंटाळवाणं काम आहे. ते करणाऱ्याचं कौतुक कुणी करत नाही.

दुसरी गोष्ट भागाकाराची. एका इमारतीत 6 जणांना कावीळ झाली, दुसरीत 12 जणांना. कुठली परिस्थिती जास्त वाईट? बारावाली, असं चटकन तोंडून निघतं. पण पहिलीत राहतात 40 माणसं आणि दुसरीत 800. फलंदाजाने हजार धावा काढल्या एवढंच सांगितलं तर शिवाजी पार्कवरचं शेंबडं पोरही विचारेल, किती डावांत? रोगाच्या बातम्या वाचताना मात्र हा प्रश्न आपण विसरतो. वरचा अंश ठळक अक्षरात छापतात, खालचा छेद कुणी छापत नाही. माझा आजचा सगळा आग्रह या छेदासाठी आहे.

मुंबईपुरतं बोलायचं तर या शास्त्राची सगळ्यात मोठी आणि सगळ्यात महागडी शाळा 1896 साली मांडवीत भरली. गोदीजवळचा भाग, धान्याची गोदामं आणि त्यांच्यावरच दाटीवाटीने राहणारी माणसं. सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तिथल्या तापाच्या रुग्णांना तपासून निदान केलं की हा गाठीचा प्लेग आहे. मग काय करायचं? तेव्हाच्या अधिकाऱ्यांची समजूत अशी की रोग घाणीत असतो, जमिनीत असतो, गटारातून वर येतो. त्यामुळे गटारं धुतली, त्यांत कार्बोलिक ओतलं, घरांवरची कौलं काढून आत ऊन घेतलं, घरात घुसून आजारी माणसं उचलली. 1897 साली साथरोगांचा कायदा आला. लाखो लोक शहर सोडून कोकणात, देशावर, गुजरातेत गेले. इथे छेदाची गंमत बघा, अर्थात गंमत कसली. 1891च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या 8 लाख 21 हजार होती. शहर ओस पडत चाललेलं असताना दर हजारी मृत्यू त्याच जुन्या आकड्याने भागून काढले, तर प्रमाण खऱ्यापेक्षा कमी दिसणार. माणसं निघून गेली की छेद आक्रसतो. कागदावर मात्र तो तसाच राहतो.

उंदीर पटापट मरायला लागले की प्लेग येतो, हे सामान्य माणसांना ठाऊक होतं. पण उंदरापासून माणसापर्यंत तो येतो कसा? या प्रश्नाला भिडला पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून आलेला पॉल-लुई सिमाँ. त्याच्या नोंदींत लोकरीच्या एका कारखान्याची हकिगत आहे. सकाळी कामगार आले तर जमिनीवर मेलेल्या उंदरांचा सडा. 20 मजुरांना ते उचलायला लावलं. तीन दिवसांत त्यांतल्या 10 जणांना प्लेग झाला, बाकी कामगारांपैकी कुणालाही नाही. एकच कारखाना, एकच हवा, एकच पाणी. फरक फक्त उंदराला हात लागल्याचा. अशी तुलना आयती हाती आली की साथरोगतज्ज्ञाला घबाड सापडल्यासारखं होतं. सिमाँने आणखी एक पाहिलं. जुन्या, थंड पडलेल्या उंदराला हात लावणाऱ्यांना सहसा काही होत नाही, नुकत्याच मेलेल्याला लावणाऱ्यांना होतं. म्हणजे उंदराच्या अंगावर असं काहीतरी असणार, जे तो गार पडल्यावर निघून जातं. पिसू! 1898 साली कराचीत त्याने प्रयोगाने हे दाखवलं, आणि त्याची चेष्टा झाली. पुढे 1905पासून प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत काम केलं. प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवले. काही मोकळे, काही बारीक जाळीच्या किंवा भोवती चिकट कागद लावलेल्या पिंजऱ्यांत, म्हणजे पिसूला तिथवर पोचता येऊ नये. घरातली हवा सगळ्यांना तीच, पण पिसूपासून वाचलेले गिनीपिग प्लेगपासूनही वाचले. गटारं धुण्यात गेलेली वर्षं डोळ्यांपुढे आणली की मला अजून चुटपुट लागते.

त्याच साथीत जंतुशास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांना विचारलं. काहींनी टोचून घेतली, काहींनी नाही. मृत्यू झाले ते न घेतलेल्यांत. तुरुंग ही अशा तुलनेला सोयीची जागा. छप्पर एक, जेवण एक, दिनक्रम एक, आणि छेद हजेरीपटावर लिहिलेला. तरीही आजचा चिकित्सक विद्यार्थी हात वर करेल: स्वतःहून पुढे आलेले कैदी मुळातच जास्त धडधाकट असतील तर? प्रश्न रास्त आहे. म्हणून हल्ली लसीच्या चाचणीत कुणाला लस द्यायची हे त्या माणसाच्या मर्जीवर किंवा डॉक्टरच्या पसंतीवर सोडत नाहीत, चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतात.

आता आपल्या काळात येऊ. 26 जुलै 2005. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस. माणसं कमरेएवढ्या पाण्यातून तासन्‌तास चालत घरी पोचली. पाणी ओसरलं, चिखल उपसला, आणि ऑगस्टात लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे रुग्ण येऊ लागले. उंदरांच्या मुतातले जंतू पाण्यात मिसळतात आणि पायावरच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात. शिरल्यापासून ताप येईपर्यंत बहुधा 5 ते 14 दिवस जातात. याला अधिशयन काळ म्हणतात. तपास करणाऱ्याच्या दृष्टीने या काळाला फार किंमत आहे, कारण तापाच्या तारखेवरून मागे मोजत गेलं की रोग कुठे लागला असेल ती जागा आणि तो दिवस हाती येतो. एखाद्या लग्नातल्या पंगतीनंतर चार तासांत उलट्या सुरू झाल्या तर संशय त्या जेवणावर. पण पंगतीनंतर दुसऱ्याच दिवशी कुणाला कावीळ दिसली तर केटररला बोल लावू नका. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून होणाऱ्या काविळीला काही आठवडे लागतात. आणि साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं असेल तर ताप येण्याची वाट न पाहता 72 तासांच्या आत डॉक्टरला गाठा. प्रतिबंधक गोळी कुणाला आणि किती, ते त्यांना ठरवू द्या.

गोवरही सांगायला हवा. लस न घेतलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण सरासरी 12 ते 18 जणांना तो देतो. इतका वेगाने पसरणारा दुसरा रोग शोधूनच काढावा लागेल. एक जण 15 जणांना देणार असेल, तर साथ विझायला त्या 15 पैकी 14 जण आधीच सुरक्षित हवेत. म्हणजे 93 टक्क्यांच्या वर. त्यासाठी नऊ महिन्यांनंतर एक आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरा असे दोन डोस. कोविडच्या काळात अनेक बाळांचे डोस राहून गेले आणि 2022च्या अखेरीस गोवंडीच्या बाजूला गोवराची साथ उसळली, मुलं दगावली. इथेही छेद फसवतो. अख्ख्या शहराची सरासरी उत्तम दिसते आणि एखाद्या गल्लीत निम्मी मुलं लसीवाचून असतात. गोवराला सरासरीशी काही घेणंदेणं नाही, तो गल्लीत शिरतो.

क्षयाची चाल वेगळी. लोकलमध्ये शेजारी कुणी दोनदा खोकलं म्हणून घाबरण्याचं कारण सहसा नसतं. क्षय लागतो तो बंद जागेत, तासन्‌तास, महिनोन्‌महिने एकत्र राहिल्याने. त्यामुळे एकमेकींना खेटून बांधलेल्या पुनर्वसनाच्या इमारतींत, जिथे खालच्या मजल्यावर भर दुपारी दिवा लावावा लागतो, तिथला क्षय फक्त गोळ्यांनी हटणार नाही. दोन इमारतींत किती अंतर सोडायचं हाही आरोग्याचाच निर्णय असतो, सही मात्र दुसऱ्या खात्याची होते.

शेवटी कोविड. जुलै 2020मध्ये माटुंगा, चेंबूर आणि दहिसर भागांतल्या तीन वॉर्डांत लोकांचं रक्त तपासलं गेलं. झोपडपट्टीत जवळपास 57 टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण सापडली, इतर वस्तीत 16 टक्के. म्हणजे कितीतरी लोकांना संसर्ग होऊन गेला होता आणि त्यांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. मग "शंभर रुग्णांमागे इतके मृत्यू" हे प्रमाण काढताना शंभर कोण धरायचे? चाचणीत सापडलेले, की खरोखर संसर्ग झालेले? छेद बदलला की तोच रोग कितीतरी वेगळा दिसतो. तेव्हाच्या रोजच्या आकड्यांवर घराघरांत भांडणं झाली, त्यांतली निम्मी याच एका प्रश्नापाशी मिटली असती.

पावसाळ्यात पालिकेच्या आरोग्यसेविका दारोदार फिरतात. घरात कुणाला ताप आहे का, असं विचारतात आणि लगेच पुढचा प्रश्न: घरात एकूण माणसं किती? पुष्कळांना हा दुसरा प्रश्न खटकतो. रेशनकार्डाची भानगड असेल, भाडेकरूची चौकशी असेल, असं वाटून कुणी दोन माणसं कमी सांगतं. गावाहून आलेला भाचा, पोटमाळ्यावर झोपणारे दोन कामगार, सहा महिन्यांचं बाळ, यांतलं कुणीही गाळू नका. ज्यांना काहीही झालेलं नाही, ती माणसंसुद्धा आरोग्यसेविकेच्या वहीत हवी असतात.